बाबांची पेटी आणि तुझा डावा हात

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

पेटी दुरुस्त करणाऱ्याने बाबांच्या हार्मोनियमच्या भात्याचं चामडं बदलायला सांगितलं म्हणून तू अडून बसलास. "बाबांचा आवाज जाईल का?" असं फोनवर विचारलंस, पण घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. खुशाल बदल. बाबांनीही ते बदलून घेतलं होतं. कुडाळच्या पावसात चामडं कुजतं, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आणि एका वर्षी तर उंदराने भात्याचा कोपराच खाल्ला होता. आवाज असतो तो आतल्या पितळी सुरांत, त्या हवेने थरथरणाऱ्या बारीक जिभांत. तेवढे जपायचे. मुका झालेला सूर पुष्कळदा नुसत्या धुळीने बसलेला असतो, मऊ ब्रशने झाडला की बोलायला लागतो. बेसूर झालेला मिळवता येतो. टोकाशी खरवडला की चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. पण खरवडलेलं पितळ परत येत नाही, तेव्हा ते काम जाणकाराचं, तू हात लावायचा नाहीस. "सगळे सूर नवे टाकू" म्हणाला तर आधी मोडलेले किती ते दाखवायला सांग.

आता तुझ्या डाव्या हाताचं. तू डावखुरा, आणि उजव्या हाताने वाजवायची सवय करतोयस, का तर बाबा तसे वाजवायचे! अरे, ह्या पेटीचा भाता दोन्ही बाजूंनी उघडतो. भाता उजव्या हाताला दे आणि डाव्याने वाजव. बोटांचा हिशेब तेवढा उलटा होईल. चढताना करंगळीकडून अंगठ्याकडे यायचं, आणि अंगठा संपला की मधलं बोट त्याच्यावरून पलीकडे टाकायचं. आणि अंगठा वापर. बाबा वापरत नसत, कारण त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. देवळात बसून ऐकून ऐकून ते तीन बोटांवर शिकले. द्रुत लयीत त्यांची तान अडखळायची, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तेव्हा त्यांचं सगळंच उचलायची गरज नाही.

उचलायचं ते दुसरं आहे, आणि ते मला गाणाऱ्याच्या बाजूने ठाऊक आहे. आपल्याकडे डबलबारीतले, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यातले, बुवा स्वतः पेटी वाजवत गातात. बाबांना ते कधी जमलं नाही. ते साथीचे. मी श्वास घ्यायला थांबले की ते माझीच शेवटची जागा हलक्या हाताने पुन्हा दाखवायचे, आणि मी स्वर लावला की मागे सरायचे. काही पेटीवाले गाणाऱ्याच्या पुढे धावतात. आपण आलाप सुरू करायच्या आत ह्यांची तान संपलेली असते! अशांबरोबर गाताना मला घाम फुटायचा. अप्पा जळगावकरांनी भीमसेन जोशींना केलेली साथ ऐक, तुळशीदास बोरकरांची पेटी ऐक, आणि ते कुठे वाजवत नाहीत तिकडे लक्ष दे.

भाताही त्यासाठीच शिकायचा. प्रत्येक स्वराला धक्का देऊ नकोस, आवाज फुगतो आणि गाणारा दचकतो. भाता अर्धा भरलेला ठेवून सावकाश हलवत राहायचं. पहिले काही दिवस एकच पट्टी दाबून नुसता षड्ज, म्हणजे सा, धर, आवाज जराही हलता कामा नये. कंटाळा येईल. येऊ दे.

तुझ्या क्लासमधला तो मुलगा म्हणाला ना, की पेटी म्हणजे परदेशी वाद्य, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. दोन्ही खरं आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेनने ती बनवली, तेव्हा ती पायाने भाता मारायची होती. कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली. स्वर ठोकळ्यासारखे जागच्या जागी, श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, हलत नाहीत, ह्याच कारणावरून १९४० ते १९७१ रेडिओवर तिला बंदी होती. आपल्या देवळात मात्र तेव्हाही तिच्याशिवाय भजन उभं राहत नव्हतं. मींड गळ्याने घ्यावी, पेटीने तिला टेकू द्यावा, एवढंच माझं मत. वाद घालत बसू नकोस.

आणखी एक. ह्या पेटीला स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय, नाही, त्यामुळे पांढरी एकवरच, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा धरूनच, सरावाचे अलंकार घोटत राहिलास तर दुसऱ्या कुणाच्या साथीला बसता येणार नाही. मी काळी पाचला, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गाते. तिथे सा धरलास की शुद्ध स्वरांपैकी फक्त सा आणि म काळ्या पट्ट्यांवर येतात, बाकी सगळे पांढऱ्यांवर. वाटतं तेवढं कठीण नाही. मग काळी दोन घे, कारण आपल्या मंडळातले बरेच पुरुष तिथे गातात. आरतीला तर कोण कुठून उचलेल त्याचा नेम नसतो. बाबा आधी एक पट्टी हळूच दाबून अंदाज घ्यायचे आणि दुसऱ्या ओळीपर्यंत सूर पकडायचे. तू चौथ्या ओळीपर्यंत पकडलास तरी चालेल, झांजांच्या गोंगाटात कुणाला कळत नाही.

चतुर्थीला येताना पेटी घेऊन ये. भाता मिटून कड्या लाव, आत कापराच्या वड्या टाक आणि ती सीटखाली सरकवू नकोस, मांडीवर घे.

तुझी,
आई

ता.क. गाडीचं तिकीट काढलंस का? कोकण रेल्वेची चतुर्थीची तिकिटं खिडकी उघडताच संपतात. मग पेटी घेऊन एसटीत उभा राहशील.