देवाभाऊ, कापसाच्या आयात ड्युटीसाठी 31 डिसेंबर 2025च्या आत दिल्लीले एक फोन लावा

मा. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस साहेब,
रामराम.

तुम्ही नागपूरचे म्हणून देवाभाऊच म्हणतो, राग मानू नका. आधीच सांगून टाकतो, मत आमचं तुमच्याच बाजूला पडते, 370 गेलं तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा हे वाचून कोणी मला लगेच पुरोगामी ठरवू नये.

बातम्या पाहिल्या तं यंदा, 2025 मध्ये, आपल्या विचाराच्या माणसाची छाती फुगावी असंच चाललंय बाप्पा. पहलगामचा हिशोब ऑपरेशन सिंदूरनं चुकता केला. 15 ऑक्टोबरला गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता भूपतीनं 60 साथीदार घेऊन तुमच्यासमोर हत्यार खाली ठेवलं, अन् आता 18 नोव्हेंबरला आंध्रात त्यांचा कमांडर हिडमा पण संपला. भामरागड-एटापल्लीकडे ज्यांनी नोकरी काढली त्यांना विचारा याची किंमत काय ते. हे काम झालं, शंभर टक्के मान्य.

बिहारात आपल्या एनडीएचे 243 पैकी 202 आमदार आले, आनंदच आहे, पण इलेक्शनच्या तोंडावर बायांच्या खात्यात 10-10 हजार टाकले ते काही मला पटलं नाही. तिकडे न्यूयॉर्कात ममदानी फुकट बस देतो म्हणून महापौर निवडून आला तं आपलेच लोक व्हॉट्सॲपवर 'आता शहर बुडालं' म्हणून हसतात, मग आपण काय वेगळं करून राहिलो? लाडक्या बहिणीला यंदा 36 हजार कोटी, अन् राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल हे तुमच्याच बजेटमध्ये लिहून आहे. आमच्या घरीही 1500 येतात, बायकोला सोड म्हणायची माझी हिंमत नाही (ई-केवायसी तिनं माझ्या आधी करून टाकली), पण आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येणार? रेवडी वाईट म्हणून आपणच दुसऱ्यांवर टीका करत होतो ना?

बरं, ते राहू द्या. मुद्दा कापसाचा आहे.

7 ऑगस्टला मोदीजी दिल्लीत बोलले की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, मला वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी चालेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. रशियाचं तेल घेतो म्हणून ट्रम्पनं आणखी 25 टक्के लावून टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं तरी आपण वाकलो नाही, याचा अभिमान आहेच. पण त्या भाषणानंतर बाराव्या दिवशी, 19 ऑगस्टपासून, बाहेरून येणाऱ्या कापसावरची 11 टक्के ड्युटी काढून टाकली, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. काहून तं टॅरिफचा मार बसलेल्या गिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे. म्हणजे ट्रम्पनं काठी मारली गिरणीले अन् वळ उठला आमच्या पाठीवर. अन् त्यात गंमत पहा, ज्या अमेरिकेनं टॅरिफ लावलं तिचाही कापूस बिनड्युटीचा आत येते. याले स्वदेशी म्हणतात का भाऊ?

2025-26 चा हमीभाव आहे हो, क्विंटलला लांब धाग्याला 8110, मध्यमला 7710 रुपये, कागदावर चांगलाच आहे. पण सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, विकायचा तं आधी कपास किसान ॲपवर नोंदणी, अन् तिथं ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी माघारी. आता हे दवाचे दिवस, सकाळी वेचलेला कापूस दुपारपर्यंत ओलसरच राहते, त्यात सप्टेंबरच्या पावसानं बोंडं सडली, खालचा कापूस तर पिवळाच पडला. मग लोकं घरात भरून ठेवतात. आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आहे, लेकरं त्याच्यावरच झोपतात अन् रात्रभर अंग खाजवतात. बँकेचा तगादा, वेचणाऱ्या बायांची मजुरी नगदी, म्हणून शेवटी गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळं व्हायचं. त्याला माहीत आहे की बंदरावर स्वस्त माल उतरून राहिला, तो काहून वर चढेल?

संत्र्याचंही तेच झालं, बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं अन् वरुड-मोर्शीचा माल इथंच पडला. तो देश आपल्या शेतकऱ्याला वाचवते, आपण ड्युटी काढतो. आता तं हसीनाबाई पण तिथं नाही, कोणाशी बोलणार.

कर्जमाफीचं 30 जून 2026 पर्यंत करतो म्हणालात, करा. पण खरं सांगू, जो नियमित भरते त्याला प्रत्येक माफीच्या वेळी आपण येडे ठरलो असं वाटते. आम्हाला खैरात नको, बाहेरचा माल दारात आणून आमचा भाव पाडू नका एवढंच.

8 डिसेंबर 2025 पासून नागपुरात अधिवेशन आहे. ड्युटी केंद्राच्या हातात आहे हे कळते आम्हाले, पण दिल्लीत तुमचा शब्द चालते हेही कळते. ही सूट 31 डिसेंबरच्या पुढे वाढवू नका असं राज्याचं पत्र जाऊ द्या, अन् गेलं की त्याची कॉपी फेसबुकवर टाका. चिखलदऱ्यापासून वणीपर्यंत सगळे शेअर करतील, मी तं सगळ्यात आधी.

आपला,
एक कापूसवाला, जिल्हा यवतमाळ