पेट्रातील पाटाजवळही थांबू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जॉर्डनच्या सहलींच्या जाहिरातींत आणि प्रवासलेखांत पेट्रा हे प्राचीन शहर म्हटले की एकच छायाचित्र असते : अरुंद घळीतून दिसणारा, डोंगरात कोरलेला अल-खजना. (आपला 'खजिना' तो हाच शब्द. प्रत्यक्षात ती समाधी आहे.) तो पाहण्यासारखा आहेच. पण त्याच्याकडे नेणाऱ्या वाटेबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी लातूर जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर ३१ वर्षे काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. यंदा फेब्रुवारीत पत्नीसह जॉर्डनला जाऊन आलो. खजन्याकडे जाताना सीक नावाची सव्वा किलोमीटर लांबीची घळ लागते. ती कुणी खोदलेली नाही. भूगर्भातील हालचालींनी वालुकाश्माचा डोंगर फाटला आणि पुराच्या पाण्याने त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. दोन्हीकडे शंभर मीटरच्या आसपास उंच भिंती, त्यांवर गुलाबी, जांभळट, पिवळसर पट्टे, वर आकाशाची चिंधी. आमच्या सहलवाल्यांनी तिथून आम्हाला अक्षरशः पळवत नेले. खजन्यासमोर ऊन असेपर्यंत फोटो व्हायला हवे होते.

मी मात्र डाव्या भिंतीपाशी अडकलो. खडकात पाट कोरलेला होता, थेट सीकच्या तोंडापासून. मध्ये गाळ बसावा म्हणून लहान कुंड्या. उजव्या बाजूला भाजलेल्या मातीच्या नळ्या : एकीचे तोंड दुसरीत बसवलेले, सांधे चुन्याने भरलेले. मी पाटात हात घातला. आत बारीक रेती आणि कण्हेरीचे एक वाळके पान. "अहो, सगळे पुढे गेले," असे पत्नी दोनदा म्हणाली. मग तीही शेजारी येऊन उभी राहिली. पाइपलाइनचा उतार जमेना म्हणून मी रात्र रात्र जागलेला तिने पाहिले आहे.

पेट्रात वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी, म्हणजे ज्यांनी हे शहर वसवले त्या अरबांनी, वाडी मूसाच्या ('वाडी' म्हणजे अरबीत दरी) झऱ्याचे पाणी शहरात खेळवले आणि हजारो लोक त्यावर राहिले. आमच्या लातुरात त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस पडतो. तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा मी नोकरीत होतो. त्या पाटापुढे माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुराचेही त्यांनी पाहिले होते. सीकच्या तोंडाशी बांध घालून लोंढा खडकात खोदलेल्या बोगद्यातून बाजूला काढून दिला होता. पुढे तो बांध ढासळला, बोगदा निकामी झाला. १९६३ च्या एप्रिलमध्ये अचानक पाणी आले आणि सीकमध्ये वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी बुडाले. त्यानंतर जुन्याच जागी बांध पुन्हा बांधला गेला. आम्ही त्याच्यावरूनच आत शिरलो, पण आम्हाला हे कुणी सांगितले नाही. घळीच्या मध्यावर भिंतीत उंटांचा तांडा कोरलेला आहे. वरचा भाग झिजून गेला, पाय शाबूत आहेत आणि त्या पायांमागून पाट जातो. तोही मागे राहिलेल्या आम्हा दोघांनाच दिसला.

दुसऱ्या दिवशी वाडी रमच्या वाळवंटात वाळूतून उठलेले कडे आणि दगडी कमानी पाहिल्या. तिथेही झऱ्याशी नबाती पाटाचे अवशेष आहेत, हे परतल्यावर वाचले आणि हळहळलो.

माझी मागणी साधी आहे. पेट्राला मराठी गट नेणाऱ्यांनी सीकसाठी किमान दोन तास ठेवावेत आणि वाटाड्याला पाण्याबद्दल बोलायला आधीच सांगून ठेवावे. आपणही पुरवणीत पेट्रावर लेख छापाल तेव्हा एक छायाचित्र त्या पाटाचे छापा. छत्रपती संभाजीनगरच्या मलिक अंबरच्या नहरीतही पाणी मातीच्या नळ्यांतून खेळवले होते. तिच्या नळ्यांचे छायाचित्र शेजारी छापलेत, तर आमच्याकडच्या वाचकांना दोन्ही लगेच कळतील.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, लातूर