माटोळी कापली जाऊ नये म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी जवळ आली की जुन्या व्हिडिओ कॅसेट कपाटातून काढून पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची आठवण अनेक घरांना होते. या कामात चित्राच्या कडांची जी हेळसांड होते, तिच्याकडे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांचे, आणि विशेषतः हा व्यवसाय करणाऱ्यांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरच्या १९९४ सालच्या चतुर्थीची कॅसेट मी गेल्या वर्षी एका दुकानात उतरवायला दिली. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तेव्हा गणपती दिसला, घुमट आणि शामेळ वाजवणारी माणसे दिसली, पण गणपतीच्या डोक्यावर टांगलेली रानफळांची आणि फळांची आरास, म्हणजे माटोळी, दिसेना. कांगल्याचे घोस, सुपारीचा शिपटा, चिबूड, तोरिंजन, वडिलांनी आदल्या दिवशी रानातून आणून स्वतःच्या हाताने बांधलेले सगळे चौकटीच्या वर निघून गेले होते आणि उरली होती ती लोंबणाऱ्या दोन-तीन फळांची टोके. खाली कोपऱ्यात आजी जमिनीवर बसून वाती वळत होती. तिचा चेहरा राहिला, वाती वळणारे हात गेले. ज्या गोव्यात माटोळीच्या स्पर्धा सरकारी पातळीवर भरतात, तिथे घरच्या चित्रीकरणातून माटोळीच नाहीशी व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

असे का झाले, हे समजून घेतले तेव्हा कारण अगदी साधे निघाले. त्या काळची चित्रे रुंदी-उंचीच्या ४:३ या प्रमाणात असत आणि आजचा टीव्ही १६:९ आहे. पडदा पूर्ण भरावा म्हणून चित्र मोठे केले की त्याच्या उंचीचा चौथा हिस्सा, त्यातला अर्धा वरून आणि अर्धा खालून, कायमचा कापला जातो. काही जण कापण्याऐवजी चित्र आडवे ताणतात. त्यात काही हरवत नाही, परंतु माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात आणि आपलीच आजी ओळखू येत नाही. खरे तर चित्र मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे हाच प्रामाणिक उपाय आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर चित्राची रुंदी १४४० राहते आणि प्रत्येक बाजूची पट्टी २४० पिक्सेलची होते. या पट्ट्या पाहून ‘पडदा भरला नाही’ अशी तक्रार ग्राहकच करतात, असे मला दुकानात सांगण्यात आले, आणि ते खरेही असेल. पण ग्राहकाला दोन वाक्यांत समजावून सांगितले तर बहुतेक जण पट्ट्याच पसंत करतील.

चित्र मोठे करण्याचे दुकानदाराने दुसरेही कारण दिले: कॅसेटमधल्या चित्राच्या तळाला वाकडी, हलणारी पट्टी दिसत होती. ती खरोखरच असते. व्हीसीआरमध्ये फीत वाचणाऱ्या एका फिरत्या हेडकडून दुसऱ्याकडे काम जाते त्या क्षणी तळाच्या मोजक्या ओळी विस्कटतात. ही विस्कट जुन्या टीव्हीवर कधी दिसली नाही, कारण त्या संचांत चित्र मुद्दामच काचेच्या कडेबाहेर थोडे सांडलेले असे. विजेचा दाब कमी-जास्त झाला किंवा आतले सुटे भाग जुने झाले की चित्र आक्रसायचे, आणि तेव्हा काळी कड दिसू नये म्हणून ती तजवीज होती. आज त्या मोजक्या ओळींसाठी अख्खे चित्र फुगवण्याची गरज नाही. तेवढ्याच ओळींवर काळी पट्टी ठेवली की भागते.

कड सांडण्याची ती सवय मात्र नव्या टीव्हींतही टिकून आहे. अनेक सपाट टीव्ही बाहेरून आलेले चित्र आपोआप थोडे मोठे करून दाखवतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडला की पूर्ण चित्र दिसते. पण आपला व्हिडिओ ज्या नातेवाइकाकडे जाईल, त्याने तो पर्याय निवडलेला असेलच असे नाही. म्हणून व्हिडिओवर टाकलेली नावे आणि मजकूर कडेपासून आत ठेवावा लागतो. जुना नियम चारही बाजूंनी दहा टक्के सोडण्याचा होता. अलीकडच्या व्यावसायिक मानकाने तो पाच टक्क्यांवर आणला आहे. मराठीसाठी मी जुनाच नियम पाळतो, कारण आपल्या लिपीत अक्षराच्या खालीही अर्थ असतो. तळाशी चिकटवलेल्या ‘गृहप्रवेश’ची खालची कड गेली की ‘गहप्रवेश’ उरतो आणि ‘शुभविवाह’चा ‘शभविवाह’ होतो. १०८० उंचीच्या चित्रात तळाशी १०८ पिक्सेल मोकळे सोडले तर उकार सुरक्षित राहतो. शॉटकट किंवा दा विंची रिझॉल्व्हसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सुरक्षित चौकट पडद्यावर रेषांनी दाखवण्याची सोय आहे. घरी एडिटिंग करणाऱ्यांनी ती पहिल्यापासून चालू ठेवावी.

यंदा मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. चित्र स्थिर ठेवण्याची सोय चालू असताना अनेक मोबाइल स्वतःच चारही कडा थोड्या कापतात, म्हणून एक पाऊल मागे सरून माटोळीच्या वर थोडी मोकळी जागा घ्यावी. उभा धरलेला मोबाइल टीव्हीच्या पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापतो. घरच्या संग्रहासाठी तो आडवाच धरलेला बरा.

मी ती कॅसेट परत आणून घरीच ७२० गुणिले ५७६ च्या मूळ चौकटीत उतरवून घेतली. माटोळी परत मिळाली आणि आजीचे हातही दिसले. पण कॅसेट दरवर्षी जीर्ण होतात, आणि दुकानातून कापलेली प्रत घेऊन मूळ कॅसेट टाकून दिलेल्या घरांना ही दुसरी संधी मिळणार नाही. म्हणून व्यावसायिकांनी टीव्हीसाठी हवी तशी प्रत जरूर करावी, परंतु तिच्यासोबत न कापलेली, न ताणलेली पूर्ण प्रतही त्याच पेनड्राइव्हवर द्यावी. आणि कॅसेट देणाऱ्यांनी ‘चौकट पूर्ण ठेवावी, मूळ प्रत सोबत द्यावी’ असे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नये.

आपला,
एक वाचक, फोंडा