नाव न सांगता राबलेल्यांचे आभार

ताईंच्या शोकसभेत खुर्च्या कमी पडल्या आणि आमची धांदल उडायच्या आत कुणीतरी त्या आणून मांडल्याही. कोणी, ते अजून कळलेलं नाही. माइक ऐनवेळी रुसला, तोही असाच कुणीतरी मार्गी लावला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात मोठं ऋण मात्र ताईंची कागदांची खोकी उपसणाऱ्यांचं. धूळ झटकून, तारखा जुळवून त्यांनी एकेक मसुदा लावला. नेत्यांना भाषणं लिहून देणाऱ्या ताई स्वतः व्यासपीठावर बसायला कायम नाखूश. पण समासात त्यांची पेन्सिल बोलते: ‘हे जमणार आहे का? नसेल तर खोडा.’ अशी सल्लागार पदरी बाळगायला नेताही खमक्याच लागतो म्हणा!

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे संघटक बेयर्ड रस्टिन यांचं ताईंना फार कौतुक. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची आखणी त्यांची. बसगाड्या, पिण्याचं पाणी, शौचालयं, सगळ्याची काळजी त्यांनी वाहिली. सुमारे अडीच लाख लोक जमले आणि जगाच्या लक्षात राहिलं ते मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण. ताईंना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही.

विरोधी गटातले एक गृहस्थ शेवटपर्यंत मागे उभे होते, जाताना सतरंज्याही गुंडाळून गेले. त्यांचेही आभार.

कुणाकडे ताईंची पत्रं असतील तर फक्त प्रत द्या. मूळ पत्र तुमच्याकडेच राहू द्या.