गोळी उपाशीपोटी की खाऊन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीत प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये काय खावं, काय टाळावं यावर लेख वाचला. मी 72 वर्षांचा निवृत्त शिक्षक, कराडजवळ राहतो, आणि या दुखण्याबरोबर माझं हे चौथं वर्ष आहे. दूध सोडा, टोमॅटो वाढवा, साखर विष समजा, असं लेखात बरंच होतं. औषधाची गोळी आणि जेवण यांचा मेळ कसा घालायचा, याबद्दल मात्र अक्षर नव्हतं. मला नेमकं तेच भोवलं, म्हणून हे पत्र.

माझा आजार कळला तेव्हाच हाडांत गेला होता. पुरुषी हार्मोन बंद करायचं, त्यासाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन किंवा अंडग्रंथी काढण्याचं एकदाच ऑपरेशन, असे दोन मार्ग डॉक्टरांनी सांगितले. मी ऑपरेशन घेतलं. एसटीचं अर्धं तिकीट मिळत असलं तरी दर तिमाहीची पुण्याची वारी आणि इंजेक्शनचं बिल परवडणारं नव्हतं. (पुरुषपणाचा विषय घरात कुणी काढला नाही, मीही नाही.) दोन वर्षं बरी गेली. मग पीएसए, म्हणजे या आजाराचा माग देणारा रक्ततपासणीतला आकडा, पुन्हा चढू लागला आणि अ‍ॅबिराटेरोन हे उरलंसुरलं पुरुषी हार्मोन रोखणारं औषध सुरू झालं: 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एकदम, शिवाय स्टिरॉइडची छोटी गोळी दोनदा.

‘चार सकाळी, एकदम,’ एवढं सांगून रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीतल्या माणसाने पुढचा नंबर पुकारला. बाकावर शेजारी सांगलीकडचे एक गृहस्थ होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘मी नाश्त्याबरोबर घेतो, काही त्रास नाही.’ झालं! घरी आल्यावर मीही तसंच सुरू केलं. आमच्या सौ.चे पोहे म्हणजे शेंगदाणे आणि तेल सढळ हाताने, वर म्हशीच्या दुधाचा चहा. तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले, चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जाईना. रक्तदाब 170 च्या घरात, रक्तातलं पोटॅशियम खाली. मला वाटलं, आजारच वाढला.

खरं काय ते औषधाच्या दुकानातल्या मुलीने काढलं. ‘काका, गोळी कधी घेता?’ मी सांगितलं तशी ती काउंटरमागून बाहेरच आली. ही गोळी तेलकट-तुपकट खाण्याबरोबर घेतली तर रक्तात दसपटीपर्यंत उतरू शकते. पूर्ण डोस घेणाऱ्याने खाल्ल्यावर दोन तास आणि गोळीनंतर एक तास पोट रिकामं ठेवायचं. स्टिरॉइडची मात्र खाऊन घ्यायची. एकाच सकाळी एक गोळी उपाशी आणि दुसरी खाऊन!

मग सांगलीकर खोटं बोलले का? नाही. त्यांच्या डॉक्टरांनी मुद्दाम एकच गोळी नाश्त्याबरोबर दिली होती. अमेरिका आणि सिंगापूरमध्ये 72 रुग्णांवर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात हलक्या नाश्त्याबरोबरच्या एका गोळीने पीएसए उपाशीपोटीच्या चार गोळ्यांइतकाच उतरला होता. महिन्याला 120 गोळ्यांऐवजी 30. मलाही तसं चालेल का, ते पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारणार आहे. पण गोळ्यांचा आकडा न विचारता दुसऱ्याची रीत उचलली, ही चूक माझीच.

आता लेखातल्या दुधाबद्दल. हार्मोन थांबलं की हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, पोट मात्र सुटतं. मला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं सांगितलंय. लेख वाचून मी ताकही बंद केलं असतं, तर काय साधलं असतं? नाचणीची भाकरी आणि वाटीभर दही मी सोडणार नाही. टोमॅटोशी माझं भांडण नाही, कोशिंबीर आवडते. पण अमेरिकेत सुरुवातीच्या टप्प्यातल्या 478 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षं भरपूर भाज्या खायला लावून पाहिलं. त्याचा निकाल 2020 मध्ये आला: आजाराची चाल त्याने मंदावली नाही. हृदयासाठी भाज्या चांगल्याच, त्या खाव्यात.

शेजारच्या अण्णांनी मायेने ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या. सुमारे 35 हजार निरोगी पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला, हे 2011 सालीच जाहीर झालंय. अण्णांना वाईट वाटू नये म्हणून डबी फडताळात तशीच ठेवली आहे.

रुग्णालयांकडे मागणी एवढीच, की कॅन्सरच्या प्रत्येक गोळीबरोबर मोठ्या अक्षरात, मराठीत एक चिठ्ठी द्यावी: किती, किती वाजता, उपाशी की खाऊन. पाकिटातला इंग्रजी कागद भिंगाखालीही वाचवत नाही. सध्या आमच्याकडे ती चिठ्ठी सौ.नेच कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहून फ्रिजला चिकटवली आहे: ‘6 वाजता चार, पोहे साडेसातला, मग छोटी.’

आपला,
एक वाचक, कराड तालुका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)