'तो मागेच राहील,' असं वडिलांना सांगितलं होतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जॉनी क्लेमची गोष्ट छापून आली होती. नवव्या वर्षी घरातून पळाला, पलटणीत ढोल वाजवू लागला, बाराव्या वर्षी चिकामॉगाच्या लढाईत शत्रूच्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली आणि पुढे मोठा सेनापती झाला. माझ्या नातवाने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि लगेच विचारलं, "आजोबा, मी पण नऊ वर्षांचाच आहे. मला घेतील का हो?" त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळतंय.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत खेळाचा शिक्षक होतो. बँडपथक माझ्याकडे असायचं. दरवर्षी जूनमध्ये पाचवी-सहावीतली मुलं निवडायची आणि १५ ऑगस्टच्या संचलनापर्यंत त्यांना तयार करायचं. साइड ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याला लटकतो आणि चालताना दर पावलाला डाव्या मांडीवर आपटतो. पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांच्या मांडीवर काळानिळा डाग पडायचा. एका वर्षी पथकातला सगळ्यात लहान चणीचा मुलगा सराव संपल्यावर पट्टा काढून घ्यायला माझ्याकडे आला. सदरा बाजूला केला तर खांद्यावर पट्ट्याचा लालबुंद चर उमटलेला. मैदानाला तीन फेऱ्या, एवढंच तो चालला होता. तेव्हापासून मी पट्ट्याखाली रुमालाची घडी ठेवायला लावत असे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत अशाच वयाची मुलं ढोल घेऊन दिवसाला पंधरा-वीस मैल चालत होती. तिकडचे ढोल लाकडी, दोन्ही तोंडांना वासराचं कातडं. ते दोरीने ताणलेलं, आणि दोरीवर चामड्याच्या सरकत्या पट्ट्या. त्या खाली ओढल्या की कातडं ताठ व्हायचं. पावसात भिजलं की सैल पडायचं आणि आवाज बसायचा. आमच्या शाळेतही पूर्वी कातड्याचेच ड्रम होते. १४ ऑगस्टला पावसाची झड लागली की शिपाईमामा ते चहाच्या शेगडीजवळ ठेवून शेकत बसायचे. रणात तशी शेगडी कुठली?

ही मुलं तिथे शोभेला नव्हती, हे आधी समजून घ्यायला हवं. त्या काळच्या बंदुकांच्या दारूचा धूर इतका दाट असायचा की दहा पावलांवरचा माणूस दिसत नसे, आणि गोळीबारात अधिकाऱ्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार? हुकूम पोचवायचा तो ढोलाने. पुढे चला, मागे फिरा, गोळीबार थांबवा, प्रत्येकाचा ठेका वेगळा. छावणीतही दिवस ढोलावरच चालायचा. पहाटे उठवण्याचा, जेवणाचा, आजाऱ्यांनी डॉक्टरकडे जाण्याचा, हजेरीचा, रात्री दिवे मालवण्याचा, असे सगळे ठेके मुलांना पाठ करावे लागत. हे शिकवण्यासाठी न्यूयॉर्कजवळच्या गव्हर्नर्स आयलंडवर लष्कराची शाळाच होती. 'लाँग रोल' वाजला की सगळ्या पलटणीने हातातलं टाकून बंदुका उचलायच्या. बारा वर्षांच्या पोराची काडी चुकली तर काय होईल, या विचाराने माझ्या आजही पोटात गोळा येतो. आमच्याकडे ठेका चुकला की फार तर रांगेची पावलं चुकत.

यासाठी पगार महिन्याला बारा डॉलर, साध्या शिपायापेक्षा एक डॉलर कमी. जॉनीला तर सुरुवातीला सैन्याने घेतलंच नव्हतं. अधिकाऱ्यांनी आपसात वर्गणी काढून त्याला दरमहा तेरा डॉलर दिले.

तुमच्या गोष्टीत जे आलं नाही ते आता सांगतो. लढाईला तोंड लागलं की ढोल बाजूला ठेवून ही मुलं जखमींना उचलायला जात. स्ट्रेचरचं एक टोक मोठ्या माणसाच्या हातात, दुसरं मुलाच्या. पुढे शस्त्रक्रियेच्या तंबूत पाणी आणायचं, कंदील धरायचा, हात किंवा पाय कापताना माणसाला दाबून धरायचं, आणि कापलेले अवयव बाहेर नेऊन पुरायचे. संध्याकाळी मेलेल्यांसाठी खड्डे खणायचे. सैन्याच्या कागदपत्रांत या मुलांची नोंद 'वादक' एवढीच असते.

पेनसिल्वेनियातल्या वेस्ट चेस्टर गावचा चार्ली किंग बारा वर्षांचा होता. वडील त्याला पाठवायला तयार नव्हते. पलटणीच्या कॅप्टनने त्यांची समजूत घातली की मुलगा ढोल वाजवेल, लढाईच्या वेळी मागेच राहील, त्याला धोका नाही. वडिलांनी होकार दिला. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमच्या लढाईत तो मागे असतानाच त्याला तोफेच्या माऱ्यात जखम झाली आणि तीन दिवसांनी तो गेला. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तोफेचा गोळा रांग बघून पडत नाही, हे त्या कॅप्टनला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

व्हरमाँटच्या पलटणीतल्या विली जॉन्स्टनला सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं ते तेराव्या वर्षी. १८६२ च्या सात दिवसांच्या माघारीत मोठी माणसं बंदुका, पडशा टाकून पळत होती, तेव्हा हा अकरा वर्षांचा पोरगा आपला ढोल घेऊन परत आला. या गोष्टीला सगळे टाळ्या वाजवतात. मला मात्र त्यात एक मूल दिसतं, ज्याला 'ढोल सांभाळ' म्हणून सांगितलं होतं आणि ज्याने ते शब्दशः पाळलं. माझ्या पथकातली मुलंही अशीच वागली असती.

आणि हे काही फक्त अमेरिकेचं नाही. २८ नोव्हेंबर १८५७ ला कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेने इंग्रजांना जेरीस आणलं होतं. त्या दिवशी तात्यांच्या तोफांवर चालून गेलेल्या इंग्रज पलटणीत थॉमस फ्लिन हा पंधरा वर्षांचा ढोलवाला होता. जखमी झालेला असूनही तो दोन गोलंदाजांशी झुंजला, म्हणून त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे १८५७ बद्दल इतकं लिहिलं गेलंय, पण समोरच्या बाजूला अशी पोरं उभी होती हे आपण सहसा बोलत नाही. तात्या आमचे, त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी होत नाही. पण त्या मुलाचं पुढे काय झालं? १८९२ मध्ये तो आयर्लंडमधल्या अ‍ॅथलोन गावी अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसमध्ये मेला. जॉनी क्लेम १९१५ साली सन्मानाने निवृत्त झाला, फ्लिन भिकेला लागला. बालपुरवणीत मात्र नेहमी जॉनीच येतो.

ब्रिटिश सैन्यातल्या ढोलवाल्यांना आणखी एक काम असे. शिपायाला फटक्यांची शिक्षा झाली की चाबूक ढोलवाल्यांनीच चालवायचा, आणि एकाचा हात दमला की दुसऱ्याने घ्यायचा. ही शिक्षा १८८१ मध्ये बंद झाली. सगळे ढोलवाले मुलं नसत, मोठी माणसंही असत. पण ज्या पलटणीत पोरं होती तिथे त्यांनाही ते उभं राहून बघावं लागे.

जुन्या काळच्या गोष्टीवर एवढं का लिहितोय, असं कुणी म्हणेल. 'मूल मागेच राहील, फक्त निरोप पोचवेल, पाणी आणेल' हे वाक्य अजून मेलेलं नाही, म्हणून. काँगोतल्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला पंधरा वर्षांखालच्या मुलांना टोळीत घेतल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा दिली. त्याआधी बालसैनिकांविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलंय की हातात बंदूक असलेलं मूल तेवढंच बालसैनिक नव्हे. स्वयंपाक करणारं, ओझी वाहणारं, निरोप नेणारं मूलही त्यातच मोडतं. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही सशस्त्र गटांनी मुलांना भरती केल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पॅरिस तत्त्वांच्या त्या व्याख्येत दीडशे वर्षांपूर्वीची ती सगळी ढोल वाजवणारी मुलं बसतात.

जॉनीची गोष्ट छापू नका असं माझं म्हणणं नाही. पोरं धीट असतात आणि त्या धिटाईचं कौतुक व्हायलाच हवं. पण पुढच्या पुरवणीत जागा निघत असेल तर चार्ली किंगचीही गोष्ट छापा. त्याचं वय, त्याच्या वडिलांचा नकार आणि कॅप्टनने दिलेला शब्द, हे सगळं त्यात येऊ द्या. आणि छापाल तेव्हा जॉनीच्या गोष्टीला होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. माझा नातू ती मोठ्याने वाचेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड