टी-शर्टचं कापड मागावर निघत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात सोलापूरच्या युनिफॉर्म धंद्यावर बातमी होती, वाचून बरं वाटलं. पण त्यात शाळेच्या स्पोर्ट्स टी-शर्टचं कापड यंत्रमागावर विणतात असं छापलंय, ते चुकीचं आहे. मी तीस वर्षं चादरीच्या आणि टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग लावून दुरुस्त ठेवणारा कारागीर, होतो म्हणून हे लिहितोय. आपल्या मराठीत घोटाळा असा की मागावरचं पण विणकामच आणि बायका दोन सुयांवर स्वेटर करतात ते पण विणकामच, त्यामुळे माणसाला वाटतं कापड ते कापड. पण या एका शब्दापायी आमच्या घरातच नुकसान झालंय.

माझा भाचा युनिफॉर्म शिवतो. गेल्या साली त्यानं बाहेरून टी-शर्टच्या कापडाचे रोल मागवले, त्यातल्या एकात उभी बारीक रेष, रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला दाखवला तर मी सवयीनं म्हणलं की ताण्याचा, म्हणजे मागावरचा लांबीतला उभा, धागा गेलाय, काही मीटर सोड, पुढे नीट असेल. तो उलगडत गेला तर रेष काही संपेना. नंतर तमिळनाडूत तिरुपूरला जाऊन मशीन बघितलं तेव्हा कळलं की त्या कापडात ताणाच नसतो! एक सुई खराब झाली होती, आणि ती सुई बदलेपर्यंत रेष येतच राहणार.

ते मशीन म्हणजे सर्क्युलर निटिंग, गोल फिरत फाशात फासा अडकवून कापड करणारं. आपल्याकडं आधी ताणा भरायचा, खळ लावायची, ताणा गुंडाळलेला रूळ म्हणजे बीम चढवायचं, फणीतून धागे ओवायचे, मग धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन पळतो. तिथं यातलं काही नाही. कोनावरचं सूत सरळ मशीनला जातं. मधे एक गोल सिलिंडर, त्याला उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत एक सुई. 30 इंच व्यासाचं 24 गेजचं मशीन असेल तर इंचाला 24 सुया, म्हणजे गोलात जवळजवळ 2260 सुया झाल्या. सुईच्या टोकाला हूक आणि त्या हुकावर उघडमीट करणारी बारीक जीभ, तिला ते लॅच म्हणतात. सिलिंडर फिरतं तशी सुई कॅमच्या, म्हणजे तिला वर-खाली नेणाऱ्या चढउताराच्या पट्टीच्या, वाटेनं वर चढते, हुकातला जुना फासा लॅच उघडून खाली दांड्यावर सरकतो, वर हुकात नवा धागा येतो, सुई खाली उतरायला लागली की तोच जुना फासा लॅच बंद करतो आणि हुकावरून पलीकडं निसटतो, आणि नवा धागा त्याच्यातून ओढला जाऊन नवा फासा तयार. घरात कुणी क्रोशानं तोरण विणताना बघितलं असेल तर हे लगेच डोक्यात बसेल, फरक एवढाच की इथं दोन हजारावर सुया एकामागं एक हेच करत असतात. आणि मशीनभोवती धागा देणारे 90 फीडर, म्हणजे एका फेऱ्यात फाशांच्या 90 ओळी. मिनिटाला 25 फेरे धरले तर 2250 ओळी, कापड सव्वा मीटरच्या आसपास. आमचा धोट्याचा माग मिनिटाला शे-दीडशे बाणे टाकतो. मी तिथं उभा राहून नुसता बघत होतो, खाली गोल पिशवीसारखं कापड उतरत होतं आणि आवाज म्हणाल तर मागाच्या मानानं काहीच नाही.

सगळं कापड फाशांचं, म्हणून ते ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं, खेळायच्या शर्टाला हेच पाहिजे असतं. पण त्याच गुणामुळं दगा पण होतो. रोलवर ओढून गुंडाळलेलं कापड तसंच टेबलावर घेऊन कापलं तर शिवल्यावर आखडतं, म्हणून आधी उलगडून एक दिवस मोकळं ठेवायचं असतं. हे आमच्या भाच्याला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय साध्या सिंगल जर्सीत, म्हणजे टी-शर्टच्या नेहमीच्या एकेरी फाशांच्या कापडात, सुताचा पीळ धुतल्यावर सुटायला बघतो आणि फासे तिरके होतात, मग शर्टाची बाजूची शिलाई पोटावर येते. पालक शर्ट घेऊन दुकानात आले, बोलणी टेलरला बसली. त्या टेलरनं सरळच शिवलं होतं ओ, त्याचा काय दोष!

हे तंत्र काही काल आलेलं नाही. इंग्लंडमधे विल्यम ली यानं मोजे विणायची चौकट 1589 ला केली, आपली जुनी मिल 1877 ची. मागाची कला सोलापूरच्या हातात आहे, जकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर बघून मी आजही डोळे मिटून चूक सांगतो, पण टी-शर्टच्या कापडाला ती नजर चालत नाही हे मी स्वतः अनुभवलंय. आता इथं शिलाईचा धंदा वाढतोय तर कापणाऱ्या-शिवणाऱ्या पोरांना, ज्यात आमच्या पूर्व भागातल्या किती तरी बायका आहेत, हे कापड कसं तयार होतं ते दाखवलं पाहिजे, आयटीआयमधे असो नाहीतर कारखानदारांनी मिळून असो. रोल घेताना दोन मीटर उजेडाला धरून बघा, एक तुकडा चौकोनी कापून तीनदा धुवा, तिरका झाला तर घेऊ नका, एवढं जरी त्यांना माहीत असलं तरी बराच माल वाचेल.

तुमच्या पेपरला विनंती की पुढच्या वेळी मागाचं कापड आणि निटिंगचं कापड वेगवेगळं छापा. तो रेषेचा रोल भाच्यानं अजून ठेवलाय, तुमच्या वार्ताहरांना यायचं असेल तर मी सोबत येतो आणि उजेडाला धरून दाखवतो.

आपला,
एक जुना जॉबर, पूर्व भाग, सोलापूर